मुकं कडवं

तंजावरात कुणाकडे कार्य निघालं, की माइक सेट सुंदररावांचा. लग्न असो नाही तर पुढाऱ्याची सभा, हा माणूस टेम्पोतून भोंगे, पेट्या आणि वायरींची भेंडोळी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. कामात चोख, बोलण्यात कमी. खोड म्हणाल तर एकच. माइक लावून झाला की जगातले सगळे माइकवाले ‘हॅलो, हॅलो’ करतात. सुंदरराव करत नाहीत. नखानं माइकवर टकटक करतात, आवाज आला की खाली उतरतात. मंडपातल्या पोरांना सांगून पटायचं नाही, पण ह्याच माणसाच्या गाण्यावर एके काळी तिरुचीच्या कॉलेजातली पोरं खुर्च्यांवर उभी राहून बेभान झालेली आहेत.

तेव्हा तो सुंदरराव नव्हता, नुसता सुंदर होता. तंजावरात केबल नवी नवी आली होती, घराघरांत परदेशी बॅंडांचा गोंगाट सुरू झाला होता आणि ह्या पठ्ठ्यानं केस मानेपर्यंत वाढवले होते. बस स्टॅंडजवळच्या एका दुकानात कॅसेट भरून द्यायची नोकरी. संध्याकाळी गिटार. ड्रमला विघ्नेश नावाचा तमिळ दोस्त, बाकी दोघं येतील तसे. बॅंडचं नाव ‘टेल-एंड’. कावेरीच्या कालव्याचं पाणी सगळ्यांत शेवटी ज्या शेतांना मिळतं, किंवा मिळतच नाही, त्यांना इकडे तेच म्हणतात. नाव ठेवतानाच नशीब ओळखलं होतं म्हणायचं.

त्याचे वडील कृष्णाजी तालुका कचेरीतून रिटायर झालेले. किल्ल्यातल्या वीथीत घर. त्यांना हा प्रकार मुळीच खपत नसे. “आपल्या घरात कीर्तनं झाली, पदं झाली,” ते कॉफीचा टंबलर दवऱ्याच्या वाटीत आपटून म्हणत, “आणि हा असा ओरडतो, जसं काही पोटात दुखतंय.” सुंदर हसायचा. त्याची गाणी इंग्रजीत असत, मधूनच तमिळ. मराठी घरात बोलण्यापुरती, आंबट भाजी वाढ म्हणण्यापुरती. देवनागरी त्याला वाचता येत नसे. त्या घरात ती कुणालाच धड येत नव्हती.

पण घरात एक मराठी गाणं होतं, आणि ते फार जुनं होतं. पाळणा. शेजारपाजारचे तमिळ लोक लुगड्याची झोळी बांधून मुलं निजवत. ह्यांच्याकडे मात्र पितळी साखळ्यांचा लाकडी पाळणा होता, माळ्यावर बांधून ठेवलेला. घरात मूल झालं की तो खाली यायचा. बारशाला घरच्या बायका हे गाणं म्हणायच्या. दर मुलामागे एक कडवं, त्यात त्या मुलाचं नाव. नव्या मुलाचं कडवं घरचंच कुणीतरी रचायचं, आणि ज्यानं रचलं त्यानंच ते पहिल्यांदा म्हणायचं. एकदा का कडवं म्हणून झालं, की ते मूल घरचं झालं.

त्या गाण्यात मधोमध एक कडवं मुकं होतं. तिथे आल्यावर बायका तोंड मिटून घ्यायच्या. कडव्याला लागेल तितका वेळ नुसता पाळणा हलवायचा. साखळीची कुईं, लाकडाचा करकर आवाज, बास. मग पुढचं कडवं. का, म्हणून कुणी विचारत नसे. गाण्याची मालकीण होती वेंकूबाई, कृष्णाजींची थोरली बहीण, सुंदरची आत्या. सुंदरनं लहानपणी एकदा विचारलं तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली होती. “जेवणाच्या पंगतीत एखादं पान मांडून ठेवतात की नाही, तसं ते आहे. तू त्यावर बसू नकोस,” एवढंच ती म्हणाली.

सुंदरचं लग्न पापनाशमच्या लावण्याशी झालं. तीही मराठी घरातली, शाळेत शिक्षिका, जिभेला धार. तिला दिवस गेले त्या उन्हाळ्यात आत्या ओरत्तनाडूला आपल्या नणंदेकडे राहायला गेली होती. कृष्णाजींनी गड्याकडून पाळणा आधीच खाली काढून घेतला, तेलपाणी करून मधल्या खोलीत टांगून ठेवला. आणि सुंदरच्या डोक्यात किडा वळवळला.

त्याला बरेच दिवस एक वेगळा ठेका हवा होता. पाळण्याचा तो कर्र-कुईं आवाज ऐकून त्याला वाटलं, ड्रम कशाला, हाच ठेका. दुकानातला टेपरेकॉर्डर आणला. भर दुपार, वीथीत चिटपाखरू नाही, लावण्या माहेरी. दोन्ही हात गिटारला लागणार, म्हणून त्यानं आयांसारखी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. विघ्नेशनं टेपचं बटण दाबलं. रिकामा पाळणा हलवू नये हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुंदरलाही ठाऊक होतं. पण म्हणतात ना, शहाण्याला अवदसा आठवते.

तो पाळण्याचीच चाल गिटारवर खेचून वाजवू लागला, वर इंग्रजी शब्द. चाल अशी चढली की त्याच्या अंगावर काटा आला. मुक्या कडव्याची जागा आली. तिथे त्यानं गिटार एकटी सोडायची ठरवली होती. पण तोंड मिटेना. त्याच्याही नकळत त्यानं गायलं, “अंबा, ये ग अंबा.” पुन्हा, पुन्हा, कडवं संपेपर्यंत.

“हे काय मध्येच?” विघ्नेशनं विचारलं.

“आलं आपोआप,” सुंदर म्हणाला. “जागा रिकामी होती. अरे, गाणं करायचं म्हणजे आणखी काय असतं, मच्चान? रिकामी जागा दिसली की भरायची.”

दोघांनी टेप ऐकली. झकास उतरली होती. विघ्नेश मात्र मध्येच खाली पाहू लागला. त्यानं सुंदरच्या पायाकडे बोट केलं. दोरी अंगठ्यातून केव्हाच निसटून फरशीवर पडली होती. “तू अंबा, अंबा करत होतास ना, तेव्हाच सुटली. मी पाहिली,” तो म्हणाला. “मग पुढे पाळणा कोण हलवत होतं?” टेपवर ठेका शेवटपर्यंत होता, आणि दोरी सुटल्यावर तो जरा जास्तच संथ, जास्तच नेटका झाला होता. वारा असेल, म्हणाला सुंदर. वैशाखातल्या दुपारी तंजावरात वारा. त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं नाही.

पण गाणं गाजलं. तिरुचीच्या कॉलेजातल्या जलशात टेल-एंडनं ते म्हटलं तेव्हा सभागृह नुसतं पेटलं. मराठीचा गंध नसलेली शेकडो पोरं बेंबीच्या देठापासून ‘अंबा, अंबा’ ओरडत होती. त्यांना वाटलं देवी. सुंदर घामानं भिजून स्टेजवर उभा होता आणि त्याला धन्य वाटत होतं. कॅसेटच्या प्रती निघाल्या, चहाच्या टपऱ्यांवर वाजू लागल्या. एका इंग्रजी पेपरानं मुलाखत घेतली, त्यातही त्यानं तेच सांगितलं, गाणं म्हणजे रिकामी जागा भरणं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आणि गाणी यायला लागली. आधी एका गाण्यासाठी महिनाभर डोकं फोडणारा हा माणूस, आता दुपारी जेवून लवंडला की चाल तयार. करंट गेलेला, पंखा थांबलेला, वीथी झोपलेली. अशा वेळी कानाशी कुणीतरी मिटल्या ओठांनी गुणगुणल्यासारखं होई. त्याच्या मागे, अगदी हलका, कर्र-कुईं आवाज. उठून पाहावं तर पाळणा स्थिर. दोरी तेवढी ताणलेली दिसे. सुंदरनं ते कुणाला सांगितलं नाही. देणारा देतोय, आपण हात आखडता का घ्यावा, असा त्याचा हिशेब.

मुलगी झाली. बारशाला आत्या ओरत्तनाडूहून परतली. पाळण्यात बाळ रडून रडून लाल झालेलं, बायका जमलेल्या. आत्यानं गाणं धरलं. एकेक नाव घेत मुक्या कडव्यापाशी आली, सगळ्यांनी तोंडं मिटली. आणि त्या शांततेत कोपऱ्यावरच्या टपरीतून सुंदरचाच आवाज घरात शिरला, “अंबा, ये ग अंबा.”

बाळ रडायचं थांबलं. मान फिरवून खिडकीकडे पाहू लागलं. बारा दिवसांचं पोर असं रोखून पाहत नाही हो. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याचा हात पाळण्यावरून गळून पडला. पुढे गाणं झालंच नाही. बाळाचं नाव हरिणी ठेवायचं होतं, कानात सांगून झालंही होतं, पण तिचं कडवं कुणी म्हटलं नाही. आत्या आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सुंदरला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. त्याला वाटलं, म्हातारीला आपली गाणी आवडत नाहीत.

हरिणी वाढली. गुटगुटीत, गोरी, हसरी. पण हाक मारली की वळत नसे. हरिणी म्हणा, हरी म्हणा, कण्णू म्हणा, पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम आहेत म्हणाले. तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. फक्त टपरीवर ते गाणं लागलं की जिथे असेल तिथून धावत खिडकीशी यायची, कुणीतरी आपल्याला बोलावलं आहे अशी. पाळणा तोवर सोडवून माळ्यावर ठेवला होता. दुपारी ती मधल्या खोलीत रिकाम्या कडीखाली मांडी घालून बसे आणि हवेत हात पुढे-मागे करी, नसलेली दोरी ओढल्यासारखा.

त्याच सुमाराला चेन्नईच्या एका कंपनीचा माणूस आला. ‘अंबा’ पुन्हा नीट रेकॉर्ड करायचं, बरोबर नवी गाणी, देशभर कॅसेट. सुंदर हरखून गेला. आयुष्यभर टेल-एंडला राहिलेल्या शेतात शेवटी पाणी येत होतं. त्या रात्री त्यानं लावण्याला आपली सगळ्यांत नवी चाल ऐकवली. दुपारीच सुचली होती, अजून विघ्नेशलाही माहीत नव्हती.

लावण्या ऐकता ऐकता पांढरी पडली. “ही तुम्हाला आज सुचली?”

“आजच. का?”

“हरिणी ही चाल गेल्या आठवड्यापासून गुणगुणते आहे,” ती म्हणाली. “मी रोज ऐकते. त्याच्या आधीचीही तिनंच आधी गुणगुणली होती. मला वाटायचं, तुमचं ऐकून म्हणते.” तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, “अहो, ती आपल्याकडे पाहून कधी हसते का, सांगा. ती आपल्या मागे पाहून हसते. मला माझ्या लेकीची भीती वाटते. आईला अशी भीती वाटणं काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही.”

सुंदरला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो आत्यासमोर जाऊन बसला. आत्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण ह्या दिवसाची ती वाट पाहत असावी.

“अंबा कोण, आत्या?”

“माझ्या पाठची,” ती म्हणाली. “बारशाच्या दिवशी सकाळी गेली. नाव ठरलं होतं, आईनं कडवं रचलं होतं. म्हणायचं राहिलं. आई म्हणाली, पोर आली ती आपल्यातच आली, तिला घालवायचं नाही आणि हाकही मारायची नाही. गाण्यात तिची जागा ठेवायची. सगळी भावंडं ओळीनं बसलीत, मध्ये ती. तिला तेवढंच पुरत होतं रे. ह्या घरात तिनं कधी कुणाला त्रास दिला नाही.” आत्यानं शेंग मोडली. “तू तिची जागाच भरून टाकलीस. आता तिनं बसायचं कुठे?”

तिनं दाणे बाजूला टाकले.

“शेवटची जागा रिकामी होती, तिथे बसली. तुझ्या लेकीचं कडवं कुणी म्हटलंच नव्हतं.”

“मग आता?”

“आता पाळणा बांध. गाणं पहिल्यापासून म्हणू. तिची जागा तिला परत द्यायची, पुन्हा हाक मारायची नाही. आणि तुझ्या लेकीला तिची द्यायची, ते कडवं तू रच. पण नीट ऐकून ठेव. तुझी गाणी ती देते. ती आपल्या जागी निजली, की गाणीही निजली. मागाहून माझ्या नावानं खडे फोडू नकोस.”

खोटं कशाला बोला, सुंदर घुटमळला. एक लेक आणि एक गाणं तराजूत घातलं तर कुठला बाप गाण्याकडे पाहील, असं आपण बाहेरून म्हणतो. ज्याचं जळतं त्याला कळतं. चेन्नईला जायची तारीख ठरली होती. गाण्याशिवाय तो होता कोण, तर कॅसेट भरून देणारा कारकुनाचा एक केसाळ मुलगा. दोन दिवस तो जेवला नाही. लावण्यानं आग्रह केला नाही, फक्त तिसऱ्या दिवशी पापनाशमला जायची पिशवी भरून दारात ठेवली. “हरिणीला घेऊन जाते,” ती शांतपणे म्हणाली. “जिला घेऊन जाते आहे ती हरिणीच आहे का, तेवढं मला सांगा.”

सुंदर उठला आणि माळ्यावर चढला.

त्यानं लेकीचं कडवं रचायला घेतलं, तेव्हा कानाशी कुणी गुणगुणलं नाही. बसला डोकं धरून. मराठी शब्द सापडेनात, सापडले तर जुळेनात. शेवटी तमिळ अक्षरांत कसंबसं खरडलं. विघ्नेशला वाचून दाखवलं असतं तर तो लोळून हसला असता. पण त्यातला शब्दन्‌शब्द सुंदरचा स्वतःचा होता. त्याच्या आजवरच्या साऱ्या गाण्यांत असं हे पहिलंच.

भर दुपारी पाळणा टांगला. हरिणी आता त्यात मावत नव्हती, गुडघे पोटाशी घेऊन बसली. कृष्णाजी उंबऱ्यावर. दोरी सुंदरच्या अंगठ्याला, कारण त्या दिवशीही ती त्याच्याच अंगठ्याला होती. आत्यानं कापऱ्या आवाजात गाणं धरलं, एकेका भावंडाला आपल्या जागी बसवत आली, आणि थांबली.

करंट गेला. पंखा फिरत फिरत थांबला. कर्र. कुईं.

आणि चाल आली. अशी चाल सुंदरला आयुष्यात सुचली नव्हती. आजवरची सगळी गाणी हिची नुसती तयारी होती. ती छातीतून वर चढली, गळ्यात येऊन थांबली, आत कुणीतरी आर्जवं करत होतं की तोंड उघड, एकदाच उघड. पाळण्यात हरिणीचे ओठ मिटलेले होते आणि तिच्या गळ्यातूनही तीच चाल निघत होती. अंगठ्याची दोरी ताठ झाली. तो ओढत नव्हता. पलीकडून कुणीतरी ओढत होतं, हळूहळू, लहान मूल बोट धरून ओढतं तसं. त्याचे ओठ सुटायला लागले. लावण्यानं ते पाहिलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. सुंदरनं खांद्यावरचं अंगवस्त्र ओढलं, त्याचा बोळा तोंडात कोंबला आणि दात आवळले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कडवं संपेना.

मग दोरी सैल झाली.

आत्यानं पुढची नावं घेतली, शेवटचं सुंदरचं घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बोळा काढला. आवाज घोगरा, सूर लागलेला नाही.

“आमच्या घरी आली हरिणी,
तिला हवी इडली-चटणी,
बाप वेडा, आई शहाणी,
नीज ग आमच्या घरची राणी.”

उंबऱ्यावर कृष्णाजींनी नाक ओढलं. सुंदरनं घसा खाकरला आणि लेकीला हाक मारली, जशी तीन वर्षं रोज मारत आला होता.

“हरिणी.”

तिनं मान वळवली. त्याच्या मागे नाही, त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ, नवा माणूस पाहावा तसं. मग तिचा चेहरा फुलला.

“अप्पा,” ती म्हणाली. “परत म्हण.”

सुंदरनं मान डोलावली, डोळे पुसले आणि म्हणायच्या आधी एक क्षण, फक्त एक क्षण, आत कान लावला. मघाची ती चाल आठवते का पाहिलं. काही नव्हतं. नुसती शांतता होती, एखाद्या निजलेल्या घरात असते तशी. तो इडली-चटणी पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.